फ्यूज कोणाच्या खिशात आहे?

रडार आणि रेडिओ ट्रान्समीटरजवळ काम करणाऱ्यांच्या तब्येतीबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजांची रडार आणि रेडिओ दुरुस्त केली, आजही माझगावला राहतो. या कामात काय जपावं लागतं ते अंगावर घेऊन शिकलो. त्याच हिशेबाने उत्तरं देतो.

प्रश्न : काका, माझे मिस्टर मुंबई बंदरात टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, मेट आहेत. व्हीलहाऊसच्या, म्हणजे सुकाणूच्या केबिनच्या, डोक्यावरच रडार फिरत असतं, आणि ते आठ-आठ तास त्याच्याखाली उभे. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून मूल नाही. सासूबाईंच्या ओळखीतले एक जण म्हणाले, रडारवर काम करणाऱ्यांना मूल होत नाही, झालं तर मुलीच होतात. मी रात्र-रात्र जागी असते. खरं काय ते सांगा. – एक वाचक, शिवडी

ताई, आधी ते "मुलीच होतात" बाजूला ठेवा. ही गोष्ट मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. माझ्या सेक्शनला आम्ही अकरा जण होतो. कोणाला दोन मुलगे, कोणाला तीन मुली, कोणाला एक-एक. आणि मुलगी झाली तर बिघडलं काय?

आता रडारचं. टगवरच्या रडारची पाटी वाचलीत तर दहा किलोवॉट असा आकडा दिसेल आणि पोटात गोळा येईल. पण ही ताकद एका ठोक्यापुरती असते. एक ठोका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान, आणि असे ठोके सेकंदाला सहाशे ते दोन-तीन हजार. हिशेब मांडा : दहा हजार वॉट, ०.८ मायक्रोसेकंदाचा ठोका, सेकंदाला सहाशे वेळा. सरासरी पाच वॉटसुद्धा भरत नाही. आपण देवघरात झिरोचा बल्ब लावतो ना, तो पंधरा वॉटचा असतो.

शिवाय हा झोत सरळ समोर जातो. आडवा जेमतेम दोन अंश रुंद, उभा वीस-पंचवीस अंश. म्हणजे आडव्या रेषेपासून खाली दहा-बारा अंशच. बरोबर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून तो निघून जातो. मध्ये व्हीलहाऊसचं पोलादी छप्पर असतं ते वेगळंच. तुमचे मिस्टर कामाच्या जागी उभे असताना रडारपासून त्यांना धोका आहे, असं मला मुळीच वाटत नाही.

तुम्ही खरं काय ते विचारलंत, म्हणून एक गोष्ट लपवत नाही. नॉर्वेच्या नौदलात 'क्विक' नावाच्या एका युद्धनौकेवर काम केलेल्यांच्या मुलांमध्ये जन्मदोष दिसल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. त्या बोटीवर शत्रूची यंत्रणा जॅम करणारा मोठा ट्रान्समीटर होता. तिथे त्यावर अभ्यास झाले. पण दोष लहरींमुळेच आले असं सिद्ध झालं नाही. आणि टगचं रडार हे त्या जातीचं यंत्रच नव्हे.

या लहरींचं पक्कं माहीत असलेलं नुकसान एकच : त्या अंग तापवतात. पुरुषाच्या वृषणांना उष्णता सोसत नाही, म्हणून तर निसर्गाने ती शरीराबाहेर ठेवलीत. पण टगवर खरी उष्णता कुठे असते? इंजिनरूममध्ये. मिस्टर पूर्वी खाली इंजिनवर होते का, अजूनही तासन्‌तास तिकडे जातात का, ते विचारा. आणि तपासणी दोघांचीही करा. वीर्यतपासणी साधी असते, पुरुष उगाच टाळतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज उष्णता, तंबाखू, बिडी कमी केली तर फरक दिसायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

आता मला ज्याची काळजी वाटते ते सांगतो. मिस्टर कधी व्हीलहाऊसच्या टपावर चढतात का? रंगकाम, दिव्याचा बल्ब बदलणं, दोर सोडवणं?

१९८३ साली इंदिरा गोदीत लागलेल्या एका मालवाहू जहाजावर मी मास्टवर चढलो होतो. स्कॅनरच्या, म्हणजे रडारच्या फिरत्या अँटेनाच्या, गिअरबॉक्सला तेल गळत होतं. खाली ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, सांगून आलो होतो, रडार बंद ठेवा. ड्यूटी बदलली. नवा ऑफिसर आला, त्याला कोणी काही सांगितलं नाही, त्याने निघायची तयारी म्हणून रडार चालू केलं. माझ्या पाठीमागून नऊ फुटांचा स्कॅनर फिरत आला आणि खांद्यावर बसला. पट्टा लावलेला होता म्हणून लटकलो, नाहीतर थेट हॅच कव्हरवर. खांद्याचं हाड मोडलं. आजही पावसाळ्यात तो हात डोक्याच्या वर जात नाही. लहरींनी मला काही केलं नाही, लोखंडाच्या तुळईने केलं.

त्या दिवसापासून मी वर चढण्याआधी रडारचा मेन फ्यूज स्वतः काढायचो आणि शर्टाच्या खिशात घालून बटण लावायचो. स्विचवर पाटी लटकवायचो : वर माणूस आहे. पाटी वाऱ्याने पडते, कोणी उचलून बाजूला ठेवतं. खिशातला फ्यूज कोणालाच लावता येत नाही. तुमच्या मिस्टरांना आज रात्री एवढंच विचारा : टपावर जाता तेव्हा फ्यूज कोणाच्या खिशात असतो?

प्रश्न : आमचा मुलगा ट्रॉलरवर तांडेल आहे. बोटीवर रडार बसवल्यापासून त्याचे डोळे चुरचुरतात, लाल होतात. रडारनेच होतंय असं घरच्यांचं म्हणणं. रडार काढून टाकावं का? – वेसावे कोळीवाडा

काढू नका हो. धुक्यात आणि पावसात मोठी जहाजं आडवी येतात तेव्हा तेच रडार तुमच्या पोराला वाचवतं.

लहान बोटीच्या रडारची सरासरी ताकद एक-दोन वॉट. डोळ्यांचा या लहरींशी संबंध आहे, पण तो वेगळा. डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ते तापलं तर उष्णता वाहून न्यायला काही नाही. अंड्याचा पांढरा भाग तापला की जसा दुधाळ होतो आणि परत पारदर्शक होत नाही, तसं भिंगाचं होतं. त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. पण त्यासाठी फार जोरदार झोत अगदी जवळून डोळ्यात जावा लागतो. आमच्यातले काही जुने कारागीर वेव्हगाईडच्या, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळीच्या, उघड्या तोंडासमोर तळहात धरून "येतंय का गरम" बघायचे, एखादा आत डोकावायचाही. ते मात्र कधीच करू नये, मग यंत्र कितीही लहान असो.

आणि अशा मोतीबिंदूत डोळा चुरचुरत नाही, नजर धूसर होते. चुरचुरतो तो ऊन, खारं वारं, डिझेलचा धूर आणि जागरण यांनी. डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे मांसाचा पातळ पडदा सरकतोय का ते बघा. उन्हात राबणाऱ्यांत तो पुष्कळदा दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि चांगला काळा चश्मा घेऊन द्या. रडारचा डबा मात्र माणसाच्या डोक्याच्या वर राहील असाच बसवा. केबिनच्या टपावर बुटक्या खांबावर लावलेला डबा मी ससून डॉकला पाहिलाय, आणि त्याच उंचीवर खलाशी जाळं आवरत उभा. खांब चार फूट वाढवला की काम झालं.

प्रश्न : मी टॉवर रिगर आहे. गच्चीवरचे मोबाईलचे अँटेना, एफएमचे टॉवर, सगळीकडे चढतो. ठेकेदार म्हणतो, दहा मिनिटांचं काम आहे, कशाला बंद करायला लावतोस, कंपनी बोंबलते. परवा एफएमच्या अँटेनाजवळ काम करताना घोट्यांना आणि अंगाला ऊब जाणवली, उतरल्यावर डोकं दुखत होतं. हे खरंच असतं की मनाचे खेळ? – एक कामगार, गोवंडी

मनाचे खेळ नाहीत. दादा, या महिन्याच्या सगळ्या पत्रांत सर्वांत जास्त जोखमीत तू आहेस.

आपलं अंगही एक अँटेनाच असतं. एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांब. उभा माणूस साधारण तिच्या निम्मा. म्हणून या पट्ट्यातल्या लहरी शरीर सर्वांत जास्त शोषतं. यामुळेच आंतरराष्ट्रीय मर्यादा एफएमसाठी रडारपेक्षा कडक आहेत : कामगारासाठी रडारच्या पट्ट्यात चौरस मीटरला ५० वॉट, आणि एफएमच्या पट्ट्यात फक्त १०. सामान्य माणसासाठी या दोन्हींच्या पाचवा हिस्सा. घोट्यांना ऊब का, तर अंगात शिरलेला प्रवाह पायांतून खाली उतरतो आणि घोटा हा सगळ्यांत अरुंद रस्ता. तिथे दाटी होते, तिथे तापतं. तुझ्या अंगाने तुला बरोबर जागा दाखवली.

ठेकेदाराच्या "दहा मिनिटां"वर उत्तर हे : अंगाच्या एखाद्या भागाला किती लहरी लागल्या याची सरासरी नियमांत सहा मिनिटांवर काढतात. त्यामुळे दहा मिनिटांत मर्यादा आरामात ओलांडली जाऊ शकते. ऊब जाणवली की थांबून विचार करायचा नाही, आधी खाली यायचं. कातडीला कळेपर्यंत आतल्या भागाला आधीच लागलेलं असतं, कारण गरम-गार कळणाऱ्या नसा बहुतेक वरच असतात.

मोबाईलच्या अँटेनाचं वेगळं. त्या उभ्या पांढऱ्या पेटीच्या पाठीमागे फारसं काही नसतं, समोर असतं. पाठीमागून काम कर. समोरून जायचंच असेल तर ती पेटी बंद झालीच पाहिजे. जितका लांब राहशील तितका जोर कमी, अंतर दुप्पट झालं की तो साधारण चौथाई होतो. एकाच गच्चीवर चार कंपन्या असतात, हे विसरू नकोस. एकाने बंद केलं म्हणजे बाकीच्या तिघांनी केलं असं नाही. एफएमच्या टॉवरवर तर एकाच अँटेनातून अनेक स्टेशनं जातात.

मीडियम वेव्हचं काम कधी मिळालं तर तिथला धोका आणखी निराळा. अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागते, तिची लहर सुमारे ५३७ मीटर लांब. या लहरी अंग फारसं तापवत नाहीत, पण आसपासचं लांब लोखंड जिवंत करतात. क्रेनचा दोर, पत्र्याचं कुंपण, शिडी. आणि बऱ्याच ठिकाणी मास्ट हाच अँटेना असतो, चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा केलेला. एक पाय जमिनीवर आणि एक हात मास्टवर पडला की संपलं.

जहाजांवर मोर्सचे ट्रान्समीटर होते तेव्हा, म्हणजे १९९९ च्या फेब्रुवारीत उपग्रह आणि डिजिटल रेडिओची नवी पद्धत सक्तीची होण्याआधी, माझ्या एका जोडीदाराचं बोट डेकवरच्या अँटेनाच्या तारेला लागलं. आधी काहीच दुखलं नाही. बोटाच्या टोकावर तिळाएवढा पांढरा ठिपका, जणू कोणी सुईने खडू टोचलाय. संध्याकाळी ठणका लागला. आत हाडापर्यंत भाजलं होतं, भरायला दोन महिने गेले. रेडिओचा चटका असाच असतो, वरून लहान आणि आत खोल.

काय मागायचं ते लिहून ठेव. एक, छातीवर लावायचं लहरी मोजणारं छोटं यंत्र, जे जास्त झालं की ओरडतं. ते तुझ्या खिशातून नाही, ठेकेदाराच्या खर्चाने. दोन, ट्रान्समीटर बंद केला की त्याचं कुलूप आणि किल्ली, किल्ली वर जाणाऱ्याकडे. तीन, खाली एक माणूस जो फक्त तुझ्याकडे बघत उभा राहील. तोंडी "बंद केलंय" यावर चढू नकोस. खांदा मोडलेल्या माणसाचं ऐक. आणि गटातल्या कोणाला पेसमेकर असेल तर त्याला चढूच देऊ नका.

तुझी ती डोकेदुखी एक-दोन दिवसांत गेली नसेल, नजर धूसर वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा आणि कुठल्या टॉवरवर, किती वेळ, अँटेनापासून किती फुटांवर होतास ते सांग. हे तारखेसकट वहीत लिही. पुढे कधी भरपाई मागायची वेळ आली तर तीच वही कामाला येईल.

प्रश्न : आमची सोसायटी जोगेश्वरीला वेरावलीच्या हवामान रडारच्या जवळ आहे. मुलं गच्चीवर खेळतात. सोसायटीच्या ग्रुपवर रोज कॅन्सरचे मेसेज येतात. – सेक्रेटरी, जोगेश्वरी पूर्व

हवामानाचं रडार ढग बघतं, गच्ची नाही. त्याचा झोत सुमारे एक अंशाचा, उंचावरून आकाशाकडे फिरत राहतो; तुमच्या वाट्याला येतं ते काठावरचं, तेही क्षणभर. त्या ग्रुपवर एक गोष्ट टाका. रडारच्या लहरींच्या एका कणाची ताकद अणूतला इलेक्ट्रॉन उखडायला लागते त्याच्या लाखो पटींनी कमी असते. एक्स-रेसारखं पेशी फोडण्याचं काम ती करू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना "कदाचित कॅन्सरकारक" या गटात टाकलं, ते मुख्यतः कानाला मोबाईल लावून बोलण्याच्या अभ्यासांवरून. त्याच गटात आशियातली पारंपरिक लोणच्यातली भाजीही आहे. मनाचं समाधान हवं असेल तर गच्चीवर मोजणी करून घ्या आणि आकडा लिफ्टजवळच्या बोर्डावर लावा. मुलांना खेळू द्या. गच्चीचा कठडा मात्र पुरेसा उंच आहे ना, तेवढं बघा.

प्रश्न : माझे वडील सैन्यात रडार मेकॅनिक होते, १९६८ ते १९८४. दोन वर्षांपूर्वी ल्युकेमियाने गेले. शेवटच्या दिवसांत ते सारखं म्हणायचे, "त्या डब्यांनी मला खाल्लं." डॉक्टर म्हणाले रडारच्या लहरींनी कॅन्सर होत नाही. मग बाबा चुकीचं बोलत होते का? – मुलगा, परळ

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. डॉक्टर लहरींबद्दल बरोबर बोलले. तुमचे बाबाही कदाचित बरोबर बोलत होते. ते "लहरींनी" म्हणाले नाहीत, "डब्यांनी" म्हणाले. त्या शब्दातला फरक मेकॅनिकलाच कळतो.

जुन्या मोठ्या लष्करी रडारांच्या डब्यात हजारो व्होल्टवर चालणाऱ्या नळ्या असत. त्यातली थायरॅट्रॉन नावाची नळी पेटली की डब्यात जांभळट गुलाबी उजेड भरायचा, दिसायला सुंदर. पण हजारो व्होल्टने पळवलेले इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की एक्स-रे निघतात. दवाखान्यातल्या यंत्रात हेच घडतं, फक्त तिथे ते मुद्दाम करतात. डब्याचं लोखंडी दार बंद असलं की हे एक्स-रे बहुतेक आतच अडतात. पण बिघाड शोधायला दार उघडावं लागतं, आणि दार उघडलं की यंत्र आपोआप बंद व्हावं म्हणून जो स्विच असतो, त्यात पुठ्ठ्याची घडी अडकवून यंत्र चालू ठेवायची पद्धत सगळीकडे होती. मीही अडकवलीय. जहाजांचं रडार लहान, व्होल्टेज कमी, त्यामुळे निभावलं. तुमच्या बाबांच्या यंत्रात व्होल्टेज कितीतरी जास्त असणार, आणि छाती दारापासून हातभर.

जर्मनीत हा प्रश्न मोठा झाला. तिथल्या दोन्ही सैन्यांतले जुने रडार मेकॅनिक आजारी पडू लागले, तेव्हा आयोग नेमला गेला. त्याने २००३ मध्ये अहवाल दिला. निष्कर्ष हाच होता : मुख्य दोष आकाशात जाणाऱ्या झोताचा नाही, डब्यातल्या नळ्यांच्या एक्स-रेचा, आणि अंधारात चमकावेत म्हणून काट्यांवर-बटणांवर लावलेल्या रेडियमच्या रंगाचाही. सुरुवातीच्या काळात मोजमापंच धड झाली नव्हती, म्हणून त्या काळातल्या मेकॅनिक आणि ऑपरेटरांना शंकेचा फायदा द्यावा, असं आयोगाने सांगितलं.

अमेरिकेत कोरियन युद्धाच्या वेळच्या ४०,५८१ नौसैनिकांवर चाळीस वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तो अभ्यास २००२ मध्ये आला. रडारशी जास्त संबंध आलेल्यांत मेंदूचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही, एकूण मृत्यूही जास्त नव्हते. पण एका गटात, विमानांची इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांत, एका जातीचा ल्युकेमिया जास्त आढळला. लिम्फॅटिक नसलेला, म्हणजे मायलॉइडसारखा.

म्हणून पहिलं काम : बाबांची दवाखान्याची फाईल काढा आणि ल्युकेमिया नेमका कोणत्या प्रकारचा होता ते बघा. मायलॉइड लिहिलं असेल तर तुमचं म्हणणं ठाम होतं. क्रॉनिक लिम्फॅटिक असेल तर कठीण, कारण त्या प्रकाराचा किरणांशी संबंध मानला जात नाही. जर्मन आयोगानेही तो वगळला होता. दुसरं, त्यांचं डिस्चार्ज बुक आणि पोस्टिंगची नोंद. कोणत्या साली कोणत्या संचावर होते, ते त्यातून कळेल. आई हयात असतील तर कागद घेऊन त्यांच्याच नावाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला असं मान्य झालं तर त्यांच्या पेन्शनमध्ये फरक पडतो. नाकारलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे.

आणि हे सगळं करायच्या आधी, या रविवारीच, बाबांच्या जुन्या डायरीतून त्यांच्याबरोबर त्याच संचावर असलेल्या दोघा-तिघांचे नंबर शोधा. ते आता पंचाहत्तर-ऐंशीचे असतील. त्यांना एवढंच विचारा, दार उघडं ठेवून काम करायचात का, स्विचमध्ये काय अडकवायचात. ते जे सांगतील ते त्यांच्या समोर बसून लिहून घ्या, आणि खाली त्यांची सही घ्या.